तीन धीट, एक बुजरी: पावसाळ्यातल्या फॉस्टर पिल्लांच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मांजराची पिल्लं आली, फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे. चार आहेत. सिंहगड रोडला एका भंगारच्या दुकानात रद्दीच्या गठ्ठ्यांमागे होती, गठ्ठे हलवताना आई पळाली, दुकानदाराने सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाट बघितली पण ती फिरकलीच नाही, मग त्याने आमच्या भागात रेस्क्यू करणाऱ्या ताईंना फोन केला आणि ताईंनी मला. अशी वाट बघणं फार गरजेचं असतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही, ती एकेकाला तोंडात धरून हलवत असते आणि तेवढ्यात कुणीतरी उरलेली बघून 'अरेरे, आईने टाकली' म्हणत उचलून आणतं. या दुकानदाराने तसं केलं नाही, त्याचे खरंच आभार.

डोळे नुकतेच उघडलेत, कान अजून डोक्याला चिकटलेले, म्हणजे दहा-बारा दिवसांची असावीत. अंग गार लागत होतं म्हणून दूध लगेच दिलं नाही, आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, जिवावर बेततं. गरम पाण्याची पिशवी, त्यावर जुन्या गोधडीच्या दोन घड्या, पार्सलचं मोठं खोकं, आणि पिशवी खोक्याच्या अर्ध्याच भागात, म्हणजे गरम व्हायला लागलं की त्यांना सरकता येतं. तासाभराने चौघं वळवळायला लागली, मग पहिलं फीड.

वजनं किचनच्या काट्यावर, ग्रॅममध्ये: केशरी बोका २१५, पट्टेरी २०५, तिरंगी १९०, काळी १६०. नावं रात्रीच ठरली, शिरा, चकली, भेळ आणि मिरी. भेळ तिरंगी आहे म्हणजे मुलगीच, केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं त्यामुळे काळा आणि केशरी दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात, तिरंगी बोका अगदी क्वचित सापडतो.

यावेळी नोंदी दोन गोष्टींच्या ठेवणारे. एक वजन, कारण या वयात रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत, आणि वजन थांबलं की ते आजाराचं पहिलं लक्षण असतं, बाकी सगळं नंतर दिसतं. दुसरं म्हणजे कोण माणसाला कसं घेतं. मी स्वतः चारचौघांत बुजणारी आहे, लहानपणापासून, आणि घाबरट म्हणून बाजूला पडलेली पिल्लं बघितली की माझा जीव त्यांच्यात जास्त अडकतो. तेव्हा ते नीट लिहून ठेवायचंय.

१६ जून, सोमवार

दर तीन तासांनी फीड. पिल्लांसाठीची दूध पावडर, डब्यावरच्या मापाने कोमट पाण्यात. गाईचं दूध नाही, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे दिवसभरात अंगातलं पाणी संपलं. पाजताना पिल्लू पोटावर, आईला प्यायला पडतं तसं, डोकं जरासं वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. हे मी प्रत्येक नवीन फॉस्टरला पहिलं सांगते, बाकी सगळं विसरा पण हे नको.

पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून हळूहळू पुसायचं, तेव्हा शी-शू होते, या वयात त्यांना आपली आपण करता येत नाही, आई चाटून करवते ते काम आपलं.

रात्री दोनचं फीड नवरा करतो. मिरी बाटलीला तोंड लावत नाही, तिला सिरिंजने थेंब थेंब. शिरा बाटली पंजात पकडून ओढतो.

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. दर्शनाला म्हणून सोलापूरकडची मंडळी आमच्याकडे मुक्कामाला, हॉलमध्ये गाद्या, किचनमध्ये सासूबाई आणि दोन आत्या, चहाचं पातेलं गॅसवरून उतरतच नाहीये. भेळचा डावा डोळा सकाळी चिकटलेला होता. रस्ते बंद, त्यामुळे डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी ड्रॉप्स सांगितले, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणले. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचं, प्रत्येक वेळी नवा बोळा, आणि भेळला हात लावला की बाकीच्यांना हात लावायच्या आधी साबण.

पाहुण्यांमधल्या पोरांना सगळ्यांना पिल्लं बघायची होती. नियम केला, एका वेळी एकच जण, हात धुऊन, जमिनीवर बसून, आणि उचलायचं नाही, मी देईन हातात. पोरं ऐकतात. मोठी माणसं 'अगं काय होतंय' म्हणतात. एका काकांना मी सरळ नाही म्हणलं. एरवी इतक्या माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण पिल्लांच्या बाबतीत फुटला आणि अगदी ठाम फुटला, सासूबाईंनी पण वळून बघितलं.

दर तीन तासांनी त्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं चार पोटं भरायची, परत बाहेर यायचं, असा दिवस गेला आणि मला आजची गर्दी जड गेली नाही. पूर्ण दिवस माणसांत काढायचा असेल तर मधेमधे दार लावता आलं पाहिजे. नोंद करून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

२८ जून, शनिवार

शिरा ४००, चकली ३८५, भेळ ३६५, मिरी ३२०. कान उभे राहिले, पुढचे बारीक दात आले. जंताचं औषध डॉक्टरांकडे वजन करून दिलं, दोन आठवड्यांनी परत. पिसवा निघाल्या, चौघांच्या. एवढ्या लहानांना मानेवर टाकायची औषधं चालत नाहीत, आणि कुत्र्यांची तर मांजराच्या आसपास पण आणायची नाहीत, त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. बारीक दातांची फणी, कोमट पाण्याचा तांब्या, पिसू निघाली की साबणाच्या पाण्यात बुडवायची. हिरड्या पांढुरक्या दिसतायत का बघितलं, पिसवांनी रक्त कमी होऊन पिल्लं दगावतात, पण सगळ्यांच्या गुलाबी आहेत.

आज मिरी पहिल्यांदा फिसकारली. माझ्यावरच. एवढंसं तोंड, त्यातून फस्स आवाज आणि पाठीवरचे केस उभे. बाकी तिघं माझ्या मांडीवर चढायच्या मारामारीत.

मांजरांच्या बाबतीत माणसाची ओळख होण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. हे १९८० च्या दशकात टेंपल युनिव्हर्सिटीत आयलीन कार्श यांनी दाखवलं, या काळात हाताळलेली पिल्लं पुढे माणसाळलेली राहतात, आणि रोज पंधरा मिनिटं हाताळण्यापेक्षा चाळीस मिनिटं हाताळलेली जास्त. म्हणजे माझ्याकडे जुलैचे तीन आठवडे आहेत. पण मग चौघांना सारखंच हाताळलं तर एकच का बुजते? सँड्रा मॅक्यून यांचा १९९५ चा अभ्यास आहे, त्यात धीट बोक्याची पिल्लं नवीन गोष्टींना आणि माणसांना जास्त धीटपणे सामोरी गेली, आणि त्या पिल्लांनी बापाला कधी बघितलेलं पण नव्हतं. त्यात मांजरीच्या एकाच वेताला दोन बाप असू शकतात, तेव्हा मिरीचा बाप वेगळा असणं अगदी शक्य आहे.

माणसांत पण असंच काहीतरी आहे. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, हलती खेळणी दाखवली, साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, आणि पुढे बुजरी होणारी मुलं या गटात जास्त निघाली. सगळी नाही, बरीच जण मोठेपणी व्यवस्थित मोकळी झाली. ज्यांना आईबापांनी हळूहळू, पण सतत, नवीन गोष्टींपर्यंत नेलं त्यांचं बरं झालं. हे वाचल्यापासून मला 'लाड करून ठेवल्यामुळे लाजते' हे वाक्य ऐकवत नाही.

५ जुलै, शनिवार

अंगावरचं सुटायला लागलं, म्हणजे इथे बाटलीवरचं. दुधात कालवलेलं वेट फूड ताटलीत. शिरा ताटलीत उभा राहून खातो, मग चौघांची अंघोळ. उकडलेलं चिकन बारीक करून, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, दोन्ही मांजराला विषारी आहेत. शी-शूच्या ट्रेमध्ये लाकडी गोळ्या, ओलं झालं की गोळा होणारं वाळूसारखं लिटर इतक्यात नको, चाखून बघतात आणि पोटात फुगतं. चकलीने स्वतःहून ट्रे वापरला, तिचं बघून बाकीच्यांनी.

१२ जुलै, शनिवार

मिरी आता कपाटाखाली राहते. तिघं खेळायला आली की येते, माझा पाय हलला की परत आत.

ताई म्हणाल्या, 'अगं तिला वेगळी ठेव, भावंडं असली की तिला तुझी गरजच वाटत नाही.' हे बरोबर आहे, धीट भावंडं आसपास असली की बुजरं पिल्लू त्यांच्या मागे लपतं आणि माणसाशी संबंधच येऊ देत नाही. पण पूर्ण वेगळी काढली तर खेळातून जे शिकायचं, कुठवर चावायचं, कधी थांबायचं, ते राहतं. म्हणून मी दिवस वाटून घेतला. सकाळी ऑफिसचं काम करताना मिरी माझ्या खोलीत, दुपारनंतर सगळ्यांबरोबर.

खोलीत तिला खोकं दिलंय, दोन तोंडांचं. एकच तोंड असलं की आत गेलेलं पिल्लू अडकतं, मग तिथे हात घातला की ओरबाडणारच, तिला दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. दोन तोंडं असली की ती एकीकडून माझ्याकडे बघते आणि तिला माहीत असतं मागे वाट आहे.

मी जमिनीवर बसते, पाठ भिंतीला, लॅपटॉप मांडीवर, तिच्याकडे सरळ बघत नाही. मीटिंगमध्ये बोलायचं असेल तर हळू आवाजात, त्याने तिला माझा आवाज सवयीचा होतो. अधूनमधून तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. याचा पण अभ्यास झालाय, ससेक्स युनिव्हर्सिटीत, २०२० मध्ये छापून आला, असं डोळे मिचकावल्यावर मांजरं पण तसंच करतात आणि अनोळखी माणसाने तसं केलं तर त्याच्या हाताजवळ यायची शक्यता वाढते.

मग आईस्क्रीमची चपटी लाकडी काडी. तिच्या टोकाला चिकनची पेस्ट, तेवढंच नखाएवढं. पहिल्यांदा काडी खोक्यापासून हातभर लांब ठेवली आणि सोडून दिली, माझा हात तिथे नाहीच. ती येऊन चाटून गेली. मग काडी मी धरली, लांबच्या टोकाला. मग थोडी जवळून. आज काडीवरची पेस्ट संपली तेव्हा तिने माझं बोट हुंगलं, ओलं गार नाक लागलं, मिशा जरा पुढे आल्या, जीभ एकदा फिरवली, खरखरीत, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे चिकन नाही, माणूस आहे. पळाली नाही. दोन पावलं मागे जाऊन बसली आणि पंजा चाटायला लागली. मी हात तसाच ठेवला, दंड भरून आला तरी.

१९ जुलै, शनिवार

काल ऑफिसच्या एकाच्या नव्या फ्लॅटची पार्टी होती, बाणेरला, बाराव्या मजल्यावर. गेले. लवकर गेले, मुद्दाम, कारण चार माणसं असताना आत शिरणं आणि तीस माणसं असताना आत शिरणं यात फार फरक आहे, लवकर गेलं की माणसं एकेक करून येतात आणि प्रत्येकाशी वेगळं बोलणं होतं. बाल्कनीचं दार आणि बाहेरचं दार दोन्ही दिसतील अशा ठिकाणी बसले. यजमानाच्या बायकोला विचारलं काही मदत करू का, तिने प्लेट भरायला दिल्या.

मग एकजण म्हणालाच, 'ही किती शांत असते, अगं बोल की काहीतरी!' आणि सगळे बघायला लागले.

मला याबद्दल मनापासून लिहायचंय. ज्याला चारचौघांत बोलणं जड जातं त्याला सगळ्यांसमोर 'बोल की' म्हणणं हे खोक्यात हात घालून ओढून काढण्यासारखं आहे. हेतू चांगला असतो, मान्य आहे. पण त्याने माणूस अजून आत जातो. स्टॅनफर्डला झिंबार्डो यांनी १९७० च्या दशकात पाहणी केली तेव्हा साधारण ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू आहोत असं सांगितलं होतं, म्हणजे तीस जणांच्या त्या हॉलमध्ये डझनभर तरी असतील, फक्त दिसत नाहीत. शेजारी येऊन बसा, ताटली पुढे करा, एखादा साधा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर देता येईल, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. आणि ज्यांना लोकांत जायच्या नुसत्या विचाराने आदल्या रात्रीपासून झोप लागत नाही, छाती धडधडते, नोकरीच्या संधी सोडून द्याव्या लागतात, त्यांचं प्रकरण लाजण्याच्या पुढचं आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यावेत, त्यात कमीपणा काहीच नाही.

पार्टीतली एक टेस्टर मुलगी प्लेटा भरताना शेजारी आली, तिला पिल्लांचे फोटो दाखवले आणि अर्धा तास बोलत होतो. तिला जोडी हवीये. तिच्या घराला जाळी आहे का विचारलं, नाहीये, चौथा मजला. आधी जाळी, मग पिल्लं. मांजर उंचावरून पडलं तरी पायावर पडतं आणि काही होत नाही या समजुतीपायी किती जबडे आणि पाय मोडतात ते कुठल्याही डॉक्टरांना विचारा. ती म्हणाली लावून घेते.

३० जुलै, बुधवार

आठ आठवडे झाले. पहिली लस. शिरा ९२०, चकली ८७०, भेळ ८५५, मिरी ७६०. ट्रायकॅट, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी, तिन्हींवर एकच. बूस्टर तीन आठवड्यांनी, रेबीजची बारा आठवड्यांनंतर. पॅनल्युकोपेनियाने अख्खं वेत दोन-तीन दिवसांत जाताना मी बघितलंय, त्यामुळे लसीआधी बाहेरच्या कुठल्याही मांजराशी संबंध नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या चपला त्या खोलीच्या दारापाशीच.

दवाखान्यात लॅब्रेडॉर भुंकत होता. मिरीच्या कॅरियरवर टॉवेल टाकला आणि कॅरियर जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवला, उंचावर आणि झाकलेलं असलं की मांजर बरंच शांत राहतं. डॉक्टरांनी तिला कॅरियरमधून बाहेरच काढलं नाही, वरचं झाकण काढून तिथल्या तिथे सुई दिली. असे डॉक्टर मिळणं भाग्याचं.

संध्याकाळी मिरी स्वतःहून माझ्या पायाला अंग घासून गेली. एकदाच.

५ ऑगस्ट, मंगळवार

मावससासूबाईंकडे नव्या सुनेची मंगळागौर. पन्नासएक बायका, बऱ्याच मला अनोळखी. मी त्यांना आधीच फोन करून म्हणलं, 'मावशी, मी लवकर येते, पत्री निवडायला बसते आणि मग दारात हळदीकुंकू लावायचं काम मला द्या.' त्यांना बरंच वाटलं, ते काम कुणाला नको असतं.

पत्री निवडायला तीन आज्या होत्या, आघाडा कुठला, दूर्वा किती पानांची घ्यायची, बेलाचं पान कुठलं चांगलं, सगळं त्यांनीच सांगितलं, मी नुसतं ऐकत हात चालवत होते. मग दारात. एकेक बाई येते, तुम्ही कुंकू लावता, अत्तर लावता, नाव विचारता, 'पाऊस लागला का वाटेत', ती आत जाते. पन्नास जणींशी बोलणं झालं आणि एकदाही एकापेक्षा जास्त माणसाशी बोलावं लागलं नाही. आपल्या जुन्या समारंभांत अशी कामं भरपूर असायची, पंगत वाढणं, पानसुपारी फिरवणं, निरांजनात वाती घालणं, आणि बुजऱ्या माणसाला त्यात जागा मिळायची. हल्ली केटरिंग, इव्हेंटवाले, सगळं आयतं, आणि आपण हातात ग्लास धरून उभे. मला जुनंच बरं वाटतं.

रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा. मी फुगडी घातली, एका शाळकरी मुलीबरोबर. मग नाव घ्यायची वेळ आली, गोलात फिरत फिरत माझ्यापर्यंत. दुपारीच बसून तयार केलं होतं, उभी राहिले आणि म्हणाले:

श्रावणाची सर आली, मातीला सुटला वास,
मंगळागौरीच्या रात्री पिल्लं सांभाळतोय सुहास.

सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि मग पुढचा तासभर 'कुठली पिल्लं गं' म्हणून एकेक जण शेजारी येऊन बसत होती. त्यात मावससासूबाईंच्या शेजारच्या बाई होत्या, निवृत्त, कॉलेजात जाणाऱ्या नातवाबरोबर राहतात, त्यांचं म्हातारं मांजर मागच्या वर्षी गेलं. त्यांनी एक प्रश्न विचारला जो आजवर कुणीच विचारला नव्हता, 'चौघांत सगळ्यात घाबरट कोण आहे?'

१० ऑगस्ट, रविवार

अ‍ॅडॉप्शन कॅम्प, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. शिरा आणि चकलीला नेलं. मिरीला नेलं नाही आणि भेळला पण नाही. ताईंशी यावरून थोडं वाजलं, त्यांचं म्हणणं कॅम्पला शंभर माणसं येतात, तिथेच घर मिळतं. माझं म्हणणं, पिंजऱ्यात, स्पीकर, कुत्री, प्रत्येकजण बोट आत घालणार, अशा ठिकाणी बुजरं पिल्लू पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात थिजून बसतं आणि लोक म्हणतात 'हे आजारी दिसतंय' नाहीतर त्याहून वाईट, 'बघ किती शांत आहे'. थिजलेल्या पिल्लाला शांत समजून घरी नेतात आणि आठवड्याने परत आणतात. मिरीसाठी माणसं घरी बोलवायची, एकावेळी दोनच, हे मी सोडणार नाही म्हणून सांगितलं. ताई शेवटी हो म्हणाल्या.

बाणेरच्या पार्टीतली मुलगी आली, जाळीचे फोटो घेऊन. माझ्याकडे प्रश्नांची यादी कागदावर होती, घरमालकाची परवानगी, गावी गेल्यावर कोण बघणार, नसबंदीला तयार आहात का, घरात लिलीची फुलं आणता का, कारण लिलीचे पराग अंगाला लागून चाटले तरी मांजराची किडनी जाते. कागद हातात असला की अनोळखी माणसाशी बोलताना पुढचं वाक्य शोधावं लागत नाही. तिने सगळी उत्तरं दिली. दोघं तिच्याकडे गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, दिवसभर डीजे, म्हणून मंगळागौरीत 'सगळ्यात घाबरट कोण' विचारणाऱ्या आजीबाईंना आज बोलावलं. आधी फोनवर सांगितलं होतं, आत आल्यावर पिल्लांकडे जाऊ नका, जमिनीवर बसा, आपण चहा घेऊ.

आजींना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, त्या खुर्चीवर. नातू भिंतीला टेकून बसला आणि खिशातून पुस्तक काढून वाचायला लागला. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तो पण कमी बोलणारा, आल्यापासून एकदाच 'नमस्कार' म्हणाला होता. भेळ पाच मिनिटांत आजींच्या मांडीवर. मिरी खोक्यात. आम्ही चहा प्यायलो, आजी त्यांच्या शाळेतल्या नोकरीचं सांगत होत्या, आणि भेळ मांडीवर घुरघुरायला लागली तसं खोक्यातून एक काळं डोकं बाहेर आलं. माणसाची थोडी सवय झाली की मात्र धीट भावंड माणसाशी कसं वागतंय ते बघून बुजरं पिल्लू पुढे येतं, याच्यासाठीच दोघींना एकत्र द्यायचं ठरवलंय. मिरी खोलीला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने, पोराच्या पायापाशी आली. मोजा हुंगला. अंगठ्याला पंजा लावून बघितला. त्याने पान उलटलं, ती दचकली, थांबली, परत आली. त्याने हात लावला नाही. निघताना मी विचारलं हात का नाही लावला, तर म्हणाला, 'तिने अजून विचारलं नाही ना.'

ठरलं. बूस्टर झाला की रविवारी.

२४ ऑगस्ट, रविवार

बूस्टर बुधवारी झाला. भेळ १,२४०, मिरी १,१३०. आज दोघी गेल्या. बरोबर दिलं: त्यांची गोधडी, न धुतलेली, वास राहावा म्हणून, दोन तोंडांचं खोकं, खाणं आठवड्याचं, लसीचं कार्ड, रेबीजची तारीख लिहून, आणि नसबंदीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, चार महिन्यांपासून पुढे करता येते, मांजर पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभण राहू शकते तेव्हा लांबवायचं नाही. पहिला आठवडा एकाच खोलीत ठेवायचं, अख्खं घर लगेच नाही.

आजींकडे दीड दिवसाचा गणपती असतो, बुधवारी बसणार, आणि आरतीला बिल्डिंगमधली सगळी येतात, झांजा, टाळ, शिवाय खाली सोसायटीचा ढोल. मी त्यांना लिहून दिलंय: दोघींना सकाळीच मागच्या खोलीत ठेवा, दार बंद, दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, 'उघडू नये, पिल्लं आहेत', नाहीतर कुणीतरी प्रसादाचं ताट ठेवायला जागा शोधत उघडतंच. खिडकीवर जाड चादर. खोलीत पंखा चालू, त्याच्या आवाजाने बाहेरचा आवाज जरा मरतो. ट्रे आणि पाणी आत. नातू आरती झाली की तासाभराने आत जाऊन बसेल म्हणाला.

आजींनी मला पण आरतीला बोलावलंय. मी सहाला जाणारे, आरती आठची आहे. तोवर नैवेद्याचे मोदक वळायला बसते असं सांगितलं, त्या हो म्हणाल्या. ताईंचा आत्ताच मेसेज आला, वारज्यात एका रिक्षाच्या सीटखाली तीन निघालीत, डोळे मिटलेले आहेत अजून. दूध पावडरचा डबा अर्धा आहे, सिरिंज नवीन आणाव्या लागतील.